लग्नाला गेलेली अमां

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "ट्यूबरक्युलोसिस आहे." म्हणजे क्षय, आपण ज्याला टीबी म्हणतो तो. माझ्या आईच्या, अमांच्या डाव्या फुफ्फुसावर पांढरा डाग होता.

अमांने आजाराबद्दल काहीच विचारलं नाही. "पापडांचं काय?" एवढंच म्हणाली.

डॉक्टरांना ते कळलं नाही. तुम्हाला सांगते. आम्ही सिंधमधून आलेले निर्वासित. मलकापूरबाहेरच्या बराकी ही आमची 'तात्पुरती सोय'. त्या तात्पुरत्या सोयीत मी मॅट्रिक झाले. गोणपाटाचे पडदे लावले की एका बराकीत कितीही संसार मावतात, हा सरकारने लावलेला शोध. आमच्या रांगेतल्या बायका पापड लाटतात, बाजारातला शेठ ते उचलतो. एका घरात टीबी निघाला असं त्याच्या कानावर गेलं, तर अख्ख्या रांगेची चूल बंद.

म्हणून बुलढाण्याच्या इस्पितळात खाटेवर पडल्या पडल्या अमांने हुकूम सोडला: उल्हासनगरला मामाकडे लग्नाला गेलीय म्हणून सांग.

मी वस्तीसाठी पत्रकं लिहिणारी, कुणाचीही भीड न ठेवणारी मुलगी. पण प्रश्न पोटाचा होता. सांगितलं.

अमांला रोज स्ट्रेप्टोमायसिनची सुई होती. हे जंतू मारणारं औषध. अधूनमधून स्प्युटम, म्हणजे खोकून पडलेला बेडका, तपासायला जाई. शिवाय दूध, अंडी आणि मोकळी हवा. डॉक्टर हे असं सांगत, जणू तिन्ही गोष्टी रेशनवर मिळतात. दर सोमवारी मी एसटीने अंडी घेऊन जाई.

वस्तीने ती पिशवी पाहिली.

निर्वासितांमध्ये कुणाचा क्लेम, म्हणजे मागे राहिलेल्या घरादाराची भरपाई, मंजूर झाला की तो गुपचूप निघून जातो. बाकीच्यांना सकाळी रिकामी बराक दिसते. हे आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. तेव्हा आई गायब आणि मुलीच्या पिशवीत अंडी, म्हणजे काय ते लोकांनी ताडलं. सरकारकडे पक्की घरं मागणाऱ्या माझ्या अर्जावर कुणी सही देईना. मी गेले की बोलणं थांबे. मलाही प्रत्येकात शेठला जाऊन सांगणारा दिसू लागला.

शेवटी समोरच्या चाचीने नळावर गाठलं. आमच्या वस्तीत एव्हाना भांडणंसुद्धा वऱ्हाडीत होतात.

"काऊन वं, तुह्या मामाच्या घरचं लग्न सरतच नाही का? क्लेम भेटला त भेटला म्हन. आमी काय लुटून राह्यलो तुले?"

नळावरच्या बाया हसल्या. माझं डोकं फिरलं.

"क्लेम नाही भेटला, चाची. टीबी भेटला. अमां दवाखान्यात हाय."

हसू थांबलं. चाचीने पदर तोंडाला लावला आणि अर्धीच भरलेली घागर घेऊन निघून गेली. मला वाटलं, गेली शेठकडे.

पण शेठचा माणूस नेहमीसारखा आला आणि पापड घेऊन गेला. त्याने मी जास्तच घाबरले. ही माणसं कशाची वाट पाहताहेत?

सोमवारी इस्पितळात एक्स-रेच्या रांगेत चाची उभी होती. पदर अजून तोंडालाच, आत खोकला.

"घरी काय सांगून आली, चाची?"

तिने आजूबाजूला पाहिलं. "लग्न," ती हळूच म्हणाली. "उल्हासनगरले." मग म्हणाली, "तुह्या अमांच्या बाजूची खाट मांगून दे मले. अनोळखी बाईजवळ मले झोप येत नाही."

अमां आता घरी आहे, चाचीही. दोघींना लाटणं मना आहे. त्यांच्या वाटचे पापड रांग लाटते, शेठला फरक कळत नाही. हा रोग पापडातून नाही, कोंदट खोलीतल्या खोकल्यातून पसरतो, असं डॉक्टरांनी मला शांतपणे दोनदा समजावलं. त्यांचे आणि सुई देणाऱ्या बाईंचे उपकार आहेत. तुमच्या घरात कुणी फार दिवस खोकत असेल, तर त्याला लग्नाला पाठवू नका. इस्पितळात न्या, आणि तसं सांगून न्या.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "खिडकी उघडी ठेवत जा." आमच्या बराकीला खिडकीच नाही. नव्या अर्जात पक्क्या घरांच्याही वर आता तीच मागणी आहे. पहिला अंगठा चाचीचा.