आणि तू कुठे उभा होतास?

वहीच्या समासात, हिरव्या शाईत, मराठीच्या मॅडम एवढंच लिहायच्या: ‘आणि तू कुठे उभा होतास?’ मुलगी असेल तर ‘उभी होतीस’. ‘छान’ नाही, गुण नाहीत, सही नाही. सातवीची मुलं वही उघडून त्या प्रश्नाकडे अशी बघायची, जणू पोलिसानेच हटकलंय.

खरं तर हटकलं होतं मला. मॅडम आमच्या नाशिकच्या शाळेत येण्याआधी सातवीचं मराठी माझ्याकडे होतं. ‘माझ्या आयुष्यातील अविस्मरणीय प्रसंग’ मी दरवर्षी फळ्यावर लिहून द्यायचो. नदीला पूर, बुडणारं मूल, उडी, टाळ्या. मुलं उतरवून घ्यायची, पाठ करायची आणि परीक्षेत ओतायची. एकेका सहामाहीत आमच्या वर्गाने गोदावरीतून जेवढी मुलं बाहेर काढली, तेवढी तिच्यात कधी पडलीही नसतील. मला अभिमान होता. शुद्धलेखनाच्या चुका कमी असायच्या.

मॅडमनी आल्या आल्या त्या सगळ्या शूरवीरांना हिरव्या शाईत तो प्रश्न विचारला. एका पोराने खाली उत्तर लिहिलं: ‘उभा नव्हतो. बाकावर बसलो होतो. सर फळ्यावर लिहीत होते.’

ती वही त्यांनी स्टाफरूममध्ये माझ्यापुढे ठेवली. “बघा सर. वर्गातलं पहिलं खरं वाक्य.”

तुम्हीही असे शिक्षक पाहिले असतील, जे रागावत नाहीत आणि त्यामुळे आपली जास्त पंचाईत होते. मी चहा मागवला.

त्यांचा दुसरा नियम याहून कठीण होता. आपल्या अनुभवात जो माणूस येतो, त्याला तो आधी वाचून दाखवायचा. ऐकणाऱ्याने काही खोडायचं नाही. फक्त शेवटी स्वतःचं एक वाक्य जोडायचं. एकच.

“हे कशाला, मॅडम?” मी विचारलं.

“समोर वाचता आलं तर अनुभव. नाहीतर चहाडी.”

मग पोरं आईसमोर, रिक्षावाल्या काकांसमोर, शेजारच्या आजोबांसमोर उभी राहून वाचू लागली. एक दिवस मधल्या सुट्टीत एकजण वही घेऊन माझ्यासमोर आला.

“सर, तुम्ही माझ्यात आलात.”

त्याने वाचलं. सकाळी परिपाठाला मी रस्ता सुरक्षेवर भाषण दिलं होतं. संध्याकाळी द्वारका चौकात त्याने रिक्षातून मला पाहिलं, स्कूटरवर, उलट्या बाजूने येताना. ‘हवालदाराने थांबा म्हणून हात केला. सरांनी त्याला नमस्कार केला आणि गेले.’

मी माझं वाक्य जोडलं: ‘त्या दिवशी मला घाई होती.’

मॅडम ते वाचून म्हणाल्या, “नमस्कार केल्याचं नाकारलं नाहीत, हे बरं केलंत.”

इथवर सगळं गमतीत चाललं होतं. पण मॅडम तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे दर जूनला संस्थेच्या अध्यक्षांची सही झाली तर नोकरी, नाहीतर नमस्कार. आणि त्या वर्षी एका मुलीच्या अनुभवात अध्यक्षच आले.

अध्यक्ष कांद्याचे मोठे व्यापारी. मुलगी जवळच्या गावातून बसने यायची, घरी शेती. ती धावण्यात पहिली आली होती. तिने लिहिलं होतं: ‘अध्यक्षांनी माझ्या गळ्यात पदक घातलं आणि विचारलं, कांदे गाडीत भरले का? मी म्हटलं, नाही सर, अजून कांदाचाळीतच आहेत. मग मला दिसलं, त्यांच्या दुसऱ्या कानाला फोन होता. फोटोत सगळे हसतायत. मी कांद्याचा विचार करतेय.’

त्या वहीत हिरवा प्रश्न नव्हता. गरजच नव्हती.

मॅडमनी ते हस्तलिखितासाठी निवडलं. मुलं स्वतःच्या अक्षरात दरवर्षी ते काढतात आणि संमेलनात अध्यक्ष त्याचं प्रकाशन करतात. मी अनुभवी माणूस. मी तोडगा सुचवला. “‘अध्यक्ष’ काढा. ‘एक पाहुणे’ करा.”

“मग वाचून कोणाला दाखवायचं? पाहुण्यांचा पत्ता आहे तुमच्याकडे?”

“मॅडम, जून लांब नाही.”

“माहीत आहे मला. पण तिला काय सांगू सर? खरं लिही, पण शिपायापासून पर्यवेक्षकापर्यंतच?”

पर्यवेक्षक मीच. मी मुलीकडे वळलो. तुला भीती वाटत असेल तर राहू दे, म्हटलं. ती म्हणाली, “मी वाचते की. पदक तर भेटलंय आता.”

अध्यक्ष बैठकीला आले त्या दिवशी मुलगी आणि मॅडम त्यांच्या खोलीत गेल्या. मी? मी दाराबाहेर राहिलो. तिथला सूचनाफलक इतक्या मन लावून मी त्याआधी कधी वाचला नव्हता. दार अर्धवट उघडं होतं, म्हणून पुढचं सांगू शकतो.

मुलगी खणखणीत वाचत होती. मध्येच अध्यक्षांचा फोन वाजला. त्यांनी तो बघितला आणि टेबलावर उलटा ठेवला. वाचन संपलं.

मग अध्यक्षांनी मुलीला विचारलं, “मग? भरले का कांदे?”

“नाय सर. अजून चाळीतच हायेत.”

त्यांनी मान हलवली. पेन काढून ‘आमच्या संस्थेचे ध्येय’ अशी सुरुवात केली.

“एकच वाक्य, सर,” मॅडम म्हणाल्या.

अध्यक्षांनी ते खोडलं आणि लिहिलं: ‘फोन महत्त्वाचा होता.’

हस्तलिखित त्या वाक्यासकट निघालं. अध्यक्षांनीच प्रकाशन केलं, टाळ्या झाल्या. जूनमध्ये मॅडमच्या कागदावर सही झाली नाही. रागाने झाली नाही, की तास कमी झाले म्हणून, की फोन महत्त्वाचा होता म्हणून, हे मी सांगणार नाही. मी तिथे उभा नव्हतो.

मॅडम आता सटाण्याकडे एका शाळेत शिकवतात. इकडे सातवीचं मराठी पुन्हा माझ्याकडे आलंय. सवयीने फळ्यावर पूर आणायला हात वर जातो आणि तसाच खाली येतो. सध्या गोदावरीत कोणी बुडत नाही. शुद्धलेखनाचं मात्र वाटोळं झालंय.

हे सगळं लिहून झालं आणि लक्षात आलं, यात मॅडम आल्या आहेत. म्हणजे नियम आला. परवा फोन केला आणि पहिल्यापासून वाचून दाखवलं. पलीकडे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. एका जागी मॅडम हसल्या असाव्यात, किंवा गॅस बंद केला असावा.

“संपलं?”

“संपलं. काही खोडायचं नाही, मॅडम.”

“माहीत आहे. नियम माझाच आहे. लिहून घ्या.”

मी लिहून घेतलं. खालचं वाक्य त्यांचं:

‘सर दाराबाहेर नव्हते, आत माझ्या शेजारी उभे होते, आणि त्यांचे पाय माझ्यापेक्षा जास्त लटपटत होते.’