ताईची पांढरी साडी आणि दुपारची मालिका

मंडळी, आज टीव्ही फोडावासा वाटला.

तसं मी सगळं बघतो. सिनेमात हीरोच्या एका ठोशात दहा जण उडाले तरी मला चालतं. मालिकेतल्या बायका दागिने घालून झोपतात, तेही चालतं. पण नवरा मेला की ढगांचा गडगडाट आणि बाईला पांढरी साडी, हे अजून किती वर्षं?

रविवारी आमच्या ताईचं लग्न आहे, इथंच वरवंडला, बौद्ध पद्धतीनं. काल दौंडवरून तिची पांढरीशुभ्र साडी आणली. ती अंगावर धरून आरशासमोरून हलत नव्हती. आज दुपारी सगळे मालिका बघत बसलो, तर तेच. बांगड्या फोडल्या, पांढरी साडी, रडारड.

ताई हळूच म्हणाली, "आई, साडी बदलून लाल आणायची का? कसंतरीच वाटतंय."

आई भडकलीच. "मी बी लग्नात पांढरीच नेसले हुते. तुझा बाप बाहेर मांडवाला बांबू बांधतोय, जाऊन बघ!"

ताई हसली खरी. पण साडी तिनं पुन्हा पिशवीतनं काढली नाही.

तुमच्यापैकी कुणी असल्या मालिका लिहितं का? लिहीत असाल तर रविवारी जेवायलाच या.