आत्याच्या शेतातला तांदूळ

चेन्नईत आमच्या तिरुवल्लिकेणीच्या गल्लीत पायसमचा, म्हणजे तांदळाच्या खिरीचा, तुपकट वास आला की मला अजून ती पंगत आठवते.

मी तेव्हा शाळकरी होते. बाबांची रमाआत्या गेली होती आणि तंजावूरजवळच्या तिच्या गावी तेराव्याचं जेवण होतं. नवरा वारल्यावर आत्याने स्वतः नांगर धरला. आमच्या लोकांत असं करणारी ती पहिलीच बाई. "बाईने नांगरलेल्या शेतातला दाणा मी शिवणार नाही," असं तिच्या दिरांनी सांगून टाकलं, आणि मग तिच्या घरी कुणीच जेवेना. दर पोंगलच्या सणाला ती नव्या तांदळाचं पायसम करून वाट बघायची.

त्या दिवशी तेच दीर पहिल्या पंगतीत होते. केळीच्या पानावरचं पायसम हाताने ओरपताना ते कोपरापर्यंत ओघळत होतं, आणि ते चाटत होते.

"तांदूळ कुठला गं? फार गोड लागतोय."

"आत्यांच्याच शेतातला," वाढणारी आई म्हणाली.

त्यांचा हात थांबला. क्षणभरच.

"आता ती नाही ना! मग कसला दोष? वाढ, वाढ."

तेव्हा मला वाटलं, म्हातारे आहेत, जुना राग विसरले असतील. आता कळतं, त्यांना सगळं नीट आठवत होतं.