साबणवाल्याची जीभ

माझ्या मामांची साबणाची भट्टी होती. त्यात लिहिण्यासारखं फार काही नाही, आणि मला लिहायची सवयही नाही. पण गावात अजून कुणीतरी म्हणतं, "मामा गेले आणि साबणातला राम गेला." ते आता ऐकवत नाही.

भट्टी म्हणजे घरामागची पत्र्याची शेड, एक लोखंडी कढई आणि मामांची जीभ. तेल आणि कॉस्टिक सोडा नीट शिजलं की नाही, हे ते जिभेवर थेंब ठेवून ठरवत. जिभेला चिमटा बसला तर साबण कच्चा, नाही बसला तर पक्का. मग डोळे मिटून, नाकपुड्या फुगवून म्हणत, "उतरवा!" दोन्ही मुलगे इस्त्रीचे कपडे सांभाळत दारातूनच माना डोलवत. बापाला शोभणारीच पोरं.

तीस वर्षं कॉस्टिक चाटून जीभ मेली. ते आधी मामींना कळलं. एकदा चहात साखरेऐवजी मीठ पडलं, आणि मामा कप रिकामा करून म्हणाले, "आज जमलाय." मामींनी जाळ सांभाळणाऱ्या गड्याला आणि मला बाजूला घेतलं. "ते 'उतरवा' म्हणाले की 'हो मालक' म्हणायचं आणि जाळ तसाच ठेवायचा. मी चाखल्याशिवाय उतरवायचं नाही." पुढे सहा वर्षं मामी चोरून थेंब चाखत होत्या आणि गाव मामांच्या जिभेचे गोडवे गात होतं.

मग एका इस्पितळाची ऑर्डर आली. एवढी मोठी ऑर्डर भट्टीने कधी पाहिली नव्हती. तिथले साहेब साबण शिजताना बघायला आले. मामी कढईपाशी दिसताच मामा खेकसले, "तू इथे काय करतेस? पाहुण्यांच्या चहाचं बघ." मामी गेल्या. मामांनी थेंब चाखला. "उतरवा!" साहेबांदेखत जाळ तसाच ठेवायची गड्याची छाती झाली नाही, त्याने कढई उतरवली. वड्यांवर मारायचा शिक्का घेऊन मी शेजारीच उभा होतो, चांगला तिशीचा बाप्या. मीही शिक्का पुसत राहिलो.

महिन्याभरात तिथल्या नर्सांच्या हातांची सालं निघाली आणि वड्या परत आल्या. मामांनी तेलवाल्याला दोष दिला, मग विहिरीच्या पाण्याला. शेवटी म्हणाले, "इतक्या नाजूक हातांच्या बायका कामाला ठेवायच्याच कशाला?"

साहेब भले होते. म्हणाले, "चूक कुठे झाली तेवढं लिहून द्या, पुन्हा माल घेतो. नाहीतर ऑर्डर रद्द."

मामी म्हणाल्या, "अहो, जिभेला आता कळत नाही, एवढं लिहा. यापुढे मी चाखीन. भट्टी वाचेल."

"आणि गावाला काय सांगू? बायकोच्या जिभेवर धंदा चालतो म्हणून?"

"सहा वर्षं चालतोच आहे."

मला वाटलं, आता तरी माणूस नरमेल. मामा ताडकन म्हणाले, "तरीच! सहा वर्षं माल बिघडतोय तो का, ते आज कळलं!"

चिठ्ठी गेली नाही. इस्पितळाने पाठ फिरवली, मागोमाग दुकानदारांनीही. कढई भंगारात गेली. मुलगे आपापल्या सासऱ्यांकडे जाऊन राहिले, इस्त्रीसकट. मामींना मात्र पलीकडच्या गावच्या साबणवाल्याने साबण चाखायला मानाने बोलावून नेलं. त्या सकाळच्या मोटारीने जात आणि घर त्यांच्या पगारावर चाले. मामा ओट्यावर बसून जाणाऱ्यायेणाऱ्याला सांगत, "तिकडचा साबण कच्चा असतो हो." आंघोळ त्याच साबणाने करत, आणि पाणी कोमट आहे म्हणून मामींवर ओरडत.