काकूंचं नाव

हौशी लोकांच्या छोट्या सीएनसी यंत्रांतल्या, म्हणजे संगणकाच्या हुकमावर कोरणाऱ्या यंत्रांतल्या, मोटर चालवणारे बोर्ड मी घरीच बनवून विकतो. मिरजेच्या एका काकांची मोटर थरथरत होती, म्हणून त्यांच्याकडे गेलो. हाताला कंप सुटल्यापासून त्यांचं लाकडावरचं कोरीवकाम थांबलं होतं. बोर्डावरचा बारीक स्क्रू फिरवून मी करंट जुळवला. मोटर सुरळीत चालू लागली आणि काकांनी आपल्या जुन्या कोरीवकामावरून संगणकात उतरवून घेतलेली अक्षरं सागाच्या फळीवर उमटली. ते काकूंचं नाव होतं, सुमन.

काकू आतून आल्या, अक्षरांवरून बोट फिरवत म्हणाल्या, "स चं वळण अजून तस्संच आहे तुमचं."

काकांनी फळीवरचा भुसा फुंकला. बोर्ड मोटरला फक्त फिरण्याची पावलं मोजून देतो. वळण माणसाचंच असतं.

काकूंनी चहाचं आधण ठेवलं आणि त्या पुन्हा फळीपाशी येऊन उभ्या राहिल्या.