आजीचा लाकडी हापूस

ऐका, पण चाळीत कोणाला बोलू नका हां. आजपर्यंत लय जणांना गंडवलंय मी. पण मेलेल्या माणसाला? तेपण स्वतःच्या आजीला?

माझी आजी नि आत्या लालबागच्या आमच्या खोलीत लाकडी फळं रंगवायच्या. सावंतवाडीहून कोरी फळं यायची, या दोघी रंग देऊन वर लाख चढवायच्या. आजीचा आंबा इतका खरा, की मी पाहुण्यांना सुरीसकट द्यायचे. "कापा ना काका!" ते कापत बसायचे, आजी पोट धरून हसायची.

ती आजी गेली. खिडकीजवळच्या रंगाच्या कोपऱ्यातली तिची चटई कोणी गुंडाळेना.

दहाव्याला माझ्या काकाने कुठून तरी सीझनच्या आधीचा एकच हापूस पैदा केला. आजीच्या पानावर ठेवायला. आणि पिशवी दिली कोणाकडे? माझ्याकडे! दहा दिवस धड जेवले नव्हते हो. मोरीत जाऊन खाल्ला. पिशवीत लाकडी टाकला. कावळ्याला काय घंटा कळतंय?

बाणगंगेवर पान मांडलं. कावळा आला, थेट आंब्यावर. टक्!

अस्सं बघितलं आमच्याकडे, डिट्टो पाहुण्यांसारखं. उडाला.

"आवशीची इच्छा रवली!" काका रडायलाच लागला. "आये, तुझो रंगाचो कोपरो मोडूचंय नाय, शप्पथ!"

कावळा कठड्यावर ढिम्म.

"आई, मी काम सोडत नाही गं," आत्या म्हणाली. "एकटी करीन."

कावळा परत आला. टक्! परत उडाला.

बाजूच्यांची पिंडं कधीच शिवून झाली. ऊन डोक्यावर आलं. भटजी म्हणाले, "आता दर्भाचा कावळा करू." आत्याने असा हुंदका दिला ना, माझ्या पोटातला आंबा गळ्याशी आला.

"आजी, तुझा आंबा मी खाल्ला!" मी ओरडले. "हा लाकडाचाय!"

सगळे माझ्याकडे बघतायत. काकाने आंबा उचलला मात्र, कावळा भाताला शिवला.

"मेल्ये! आजयेकपण सोडलंस नाय?" काका खेकसला.

आत्या आंब्यावरून बोट फिरवत राहिली. लाखेवर चोचीचे दोन टवके.

"उद्यापासून आईच्या चटईवर तू बसायचं," एवढंच म्हणाली.

बसतेय तेव्हापासून. काल माझा पहिला आंबा खिडकीत वाळत ठेवला. कावळा आला. मान वाकडी करून बघितलं, आणि चोचपण न मारता गेला.

आत्या म्हणाली, "आईच्या आंब्याला दोनदा फसला होता."