आक्का जत्रेत माईक घ्यायची

फोन आला तेव्हा गुळाचा पाक अगदी हाताशी आला होता. चिक्कीच्या पाकाचं असं आहे, की तो व्हायला लागला की माणसाला दुसरीकडे बघायची सोय राहत नाही. थोडा उशीर झाला तर कडू होतो, घाई केली तर चिक्की दाताला चिकटते. भाच्याचा फोन होता. "मामा, आई गेली..." एवढंच बोलला आणि रडायला लागला. मी फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला, दाणे कढईत टाकले, घोटले, पाटावर ओतून लाटले, कापले, आणि मग खाली बसलो. हात आपले आपणच चालले होते. ती चिक्की उत्तम झाली होती. आक्का असती तर नक्की म्हणाली असती, "मेले तरी तुझा पाक काय बिघडला न्हाई, बाळ्या."

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. लोणावळ्याच्या बाजारात आमचं वडिलांपासूनचं चिक्कीचं दुकान आहे, ते मी चालवतो. ती मळवलीच्या पलीकडे नदीकाठच्या एका गावात दिली होती. तिच्यावर लिहायला बसलो खरा, पण विषय असा आहे की मला ओळखणारे हसतील. आक्का आयुष्यभर कर भरावा म्हणून भांडली आणि मी आयुष्यभर कराच्या नावानं बोटं मोडली. जीएसटी आला तेव्हा तर मी दोन रात्री जेवलो नव्हतो. पण तिच्यावर लिहायचं तर याच्यावरच लिहायला हवं, दुसरं काही लिहिलं तर ती वरून ओरडेल.

लहानपणी ती शाळेतून आली की गल्ल्याशेजारी बसायची. नगरपालिकेचा वसुलीचा माणूस कोपऱ्यावर दिसला की आमचे आप्पा मागच्या दारानं पसार व्हायचे, आणि "आप्पा पुण्याला गेलेत" हे सांगायचं काम आक्काकडे. एकदा तिनं त्या माणसालाच विचारलं, "काका, हे पैसे नेऊन तुम्ही काय करता?" तो बिचारा गडबडला. मग म्हणाला, "बाळ, समोरचा दिवा आहे ना, तो त्यातूनच लागतो." आक्का रस्त्यावर गेली, खांबाकडे बघून आली आणि सरळ म्हणाली, "आप्पा मागच्या गल्लीत आहेत." त्या दिवशी तिनं मार खाल्ला. आप्पांनी घरपट्टीही भरली, ती रागानं.

लग्न होऊन ती गावाला गेली, भाताची खाचरं, गुरं, दोन पोरं यात मुरली, बोलणंही तिकडचंच झालं. आमचे भाऊजी साधे, ते लवकर गेले. घरात चालायचं ते तिच्या थोरल्या दिरांचं, आबांचं. सरपंचपद बाईसाठी राखीव झालं तेव्हा आबांनीच आक्काला उभं केलं. भावजय सही करील, कारभार आपण बघू, असा हिशेब. पहिल्या मीटिंगला आबा कडक इस्त्रीचा सदरा घालून आले. त्यांच्यासाठी खुर्ची होती, पण आक्काच्या शेजारी नव्हती, समोर गावकऱ्यांत होती. आबा बसले, पण त्या दिवसापासून घरातला चहा दोन चुलींवर व्हायला लागला.

खुर्चीत बसल्यावर आक्काला पहिलं काय दिसलं, तर नळाला पाणी चढवणाऱ्या मोटारीचं वीजबिल. आधीच्या प्रत्येक पंचायतीनं ते पुढच्या पंचायतीवर ढकललेलं. शेवटी कनेक्शन तोडलं आणि बाया हंडे घेऊन नदीवर जायला लागल्या. बिल भरायला पैसे नव्हते, कारण घरपट्टी आणि पाणीपट्टी कुणी भरतच नव्हतं. पट्टीचं बिल घरी आलं की त्यात भजी बांधायची हा गावचा रिवाज. नळाला पाणी आणायचं, आणि ते गावानं भरलेल्या पैशातूनच आणायचं, असं आक्कानं मनात घेतलं.

सोपा रस्ता चालून आला होता. गावाच्या कडेनं मुंबईवाल्यांचे बंगले आहेत. त्यातल्या एका शेटनं मागच्या बाजूला मोठं बांधकाम केलं होतं आणि पंचायतीत नोंदवलंच नव्हतं. आक्का ग्रामसेवकाला घेऊन मोजायला गेली, तर शेटनं दोघांना सरबत दिलं. म्हणाला, "वहिनी, तुमचं अख्खं वीजबिल मी भरतो. देणगी समजा, बोर्डावर नाव पण नको. हे मागचं तेवढं सोडून द्या." आबांना हे आधीच ठाऊक होतं आणि पसंतही होतं. आक्का म्हणाली, "शेट, तुमचं जेवढं निघंल तेवढंच भरा. त्याच्यावर एक रुपाया नगं." आणि टेप लावून मोजून आली.

मी तिला वेड्यात काढलं. गाव नदीवरून पाणी भरतंय आणि ही बाई आलेला पैसा परत पाठवते! तेव्हा ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. म्हणाली, "आरं, देणगी घेतली की मान खाली घालावी लागती. उद्या त्यानं वढ्यात भिंत घातली तर मी कोनत्या तोंडानं बोलू? पट्टी घेतली तर त्यानं बी यावं, माझ्याशी भांडावं, माझं पानी का येत न्हाई म्हनून. मला चालंल." मी म्हटलं, "आणि बाकीचं गाव भरणार कसं?" त्यावर ती तांदूळच निवडत राहिली...

उत्तर तिला जत्रेत सापडलं. आक्काच्या गावी चैत्रात देवाची जत्रा असते आणि मी दरवर्षी तिथं चिक्कीचा स्टॉल लावतो. संध्याकाळी देवळापुढच्या माईकवरून वर्गणीची नावं वाचतात. ज्याचं नाव येतं तो गर्दीत असेल तिथं जरा ताठ होतो, टोपी सारखी करतो. आक्का माझ्या स्टॉलवर बसून हे बघत होती. मी त्या वेळी गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होतो. तो म्हणे चिक्की महाग झाली, मी म्हणे कर वाढलाय. तो गेल्यावर आक्कानं मला टोचलं, "कर काय तू भरतोस व्हय?" मी चिडून म्हणालो, "मी कशाला भरतोय? भरतं गिऱ्हाईक. मी नुसता नेऊन देणारा हमाल." ती हसली, पदर खोचला आणि देवळाकडं चालू लागली.

वर्गणीची नावं संपली तशी आक्का माईकसमोर जाऊन उभी राहिली. ती उंचीला एवढीशी. माईक तिच्या कपाळाशी येत होता, मंडपवाल्यानं धावत येऊन दांडा खाली केला. "आता पट्टी भरल्याली नावं," ती म्हणाली आणि वाचायला लागली. नावं थोडीच होती. वर्गणीच्या प्रत्येक नावामागं मंडळ आभार मानायचं, हिनं कुणाचेच मानले नाहीत. "आपल्याच घरच्या दिव्यात तेल घातलं, आभार कसलं?" लोक हसले, मग हळूहळू हसायचे थांबले. माझ्या स्टॉलवर अचानक ही गर्दी. चिक्की घ्यायला नव्हे, लपायला. नावं संपल्यावर आक्का म्हणाली, "ज्यानं भरलं त्यानं हितं यावं आन् इचारावं, पैसं कुटं गेलं. मी सांगते."

पहिली पुढं आली ती चांगुणाबाई. डोंगराच्या अंगाला ठाकरवाडी आहे तिथली. नवरा नाही, मजुरी करायची, उन्हाळ्यात करवंदं-जांभळं घेऊन लोणावळ्याच्या बाजारात बसायची. तिनं पट्टी भरली नव्हती. माईक धरून म्हणाली, "आमच्या वाडीला नळ कवा येनार?" समोरच्या खुर्चीवरून आबा कडाडले, "आदी पट्टी भर, मंग इच्यार!" सगळी जत्रा हसली. आबांनी आक्काला तिच्याच शब्दात पकडलं होतं.

आक्कानं हातातला नावांचा कागद दुमडला. मला वाटलं, संपलं सगळं. मग तिनं विचारलं, "चांगुणा, पोरीला मगाशी काय घेतलंस?" "चिक्की." "साबन लागतो का घरी? मोबाईलात पैसं भरतीस का?" "व्हय." आक्का गर्दीकडं वळली. "मग तिनं भरलंय. चिक्कीत भरलंय, साबनात भरलंय. तिचं पैसं दिल्लीपातूर पोचलं, आपल्या पंचायतीत तेवढं यायचं ऱ्हायलंय. ती इचारनार." माझं रडगाणं आक्कानं गावापुढं असं मांडलं होतं... मला इतका आनंद झाला, की मी दोन लपलेल्या लोकांना चिक्की फुकट दिली.

पण गंमत पुढेच. चांगुणाबाईची घरपट्टी आक्कानं माफ केली नाही. "जमंल तशी भर," म्हणाली. यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. ज्या बाईच्या घराला धड दार नाही तिच्याकडून पट्टी घ्यायची? आक्का म्हणाली, "माफ केली की ती मोजन्यातनं गेली. मोजन्यातनं गेली की नळ बी गेला. तुला दया येती, तिला पानी पायजे." त्या उन्हाळ्यात बाजारात चांगुणाबाईला करवंदांची पाटी घेऊन बसलेली बघितलं की माझं मन खायचं. तिनं भरली पट्टी. गावात मग न भरणाऱ्यांना तोंड दाखवायची चोरी झाली, बिल फिटलं, मोटार सुरू झाली. तरी सांगतो, ती एक पट्टी सोडायला हवी होती असं मला आजही वाटतं, आणि आक्का आज असती तर आजही भांडली असती.

पैसे जमायला लागल्यावर गावाला वेशीवर कमान हवीशी वाटली. वाडीला पाइप न्यायचा की कमान बांधायची, असा प्रश्न पडला. आबांचं म्हणणं, कमान आत्ता उठवू, पैसे कमी पडले तर विजेचं बिल पुढची पंचायत बघेल. त्याच सुमारास टीव्हीवर देशाच्या बजेटची चर्चा चालली होती. तूट म्हणजे काय ते आक्कानं मला विचारलं. मी सांगितलं, सरकारची मिळकत कमी, खर्च जास्त, मधलं कर्ज काढून भागवतात. "फेडनार कोन?" "पुढचे लोक." "म्हंजी आपल्या पोरांची पोरं. त्यांना इचारलं का कुनी?" मी म्हटलं, कर्ज काढल्याशिवाय देश चालत नाही, धरणं, रस्ते होत नाहीत. ते तिला लगेच पटलं. "मग काढावं की. हिरीसाठी काढलं तर पोरं पानी तरी पितील. कमानीसाठी काढून पोरांनी काय कमान चाटायची?" यानंतर मी पुष्कळ मोठमोठ्या लोकांची भाषणं ऐकली, पण मला कळलं ते एवढंच.

पाइप वाडीला गेला, नळ आला, आणि पुढच्या निवडणुकीत आक्का पडली. वाडीची मतं थोडी, गावाची जास्त. कमान झाली, विजेचं बिल पुन्हा तुंबलं. आक्का रडली, माझ्यासमोरच रडली, लपवलं नाही. पण जत्रा आली तशी नवी साडी नेसून, पट्टी भरून माईकपाशी हजर. "गेल्या सालचं पैसं कुटं गेलं, ते सांगा." मंडळाची पोरं मुद्दाम गाणी लावायची. ती गाणं संपेपर्यंत थांबायची आणि पुन्हा विचारायची. हे दरवर्षी. मंडपवाल्यालाही सवय झाली होती.

शेवटी तिला धाप लागायची. मी भेटायला गेलो तेव्हा उशीला टेकून बसली होती. तब्येतीचं काही बोललीच नाही. "यंदा माईकवर कोन जाईल रं?" मी म्हटलं, "जाईल कुणीतरी." "कुनीतरी म्हंजी कुनी न्हाई, बाळ्या. तू जा." "मी कसा जाऊ? माझी पट्टी लोणावळ्यात." त्यावर हसली, खोकली, म्हणाली, "मग तितं इचार की. तितं तरी कवा इचारलंस?" मी विषय बदलला. तीच आमची शेवटची भेट.

यंदा जत्रेला जायचं माझ्या मनात नव्हतं. बायको म्हणाली, जा, तुमच्या बहिणीचं गाव आहे. कमानीखालून टेम्पो घातला, नेहमीच्या जागी स्टॉल लावला. संध्याकाळी वर्गणीची नावं सुरू झाली, तर वाचणारा गडी वाकून वाचत होता आणि मंडपवाल्यावर करवादत होता. मंडपवाल्यानं सवयीनं माईकचा दांडा आक्काच्या उंचीला लावून ठेवला होता आणि तो आता वर सरकत नव्हता. माझ्या डोळ्यांपुढचं सगळं पुसट झालं.

तेवढ्यात नातीला घेऊन चांगुणाबाई आली. आता केस पांढरे झालेत, पाठ वाकलीय. मी चिक्कीचं पाकीट पुढं केलं. "राहू दे पैसे, आक्काच्या नावानं." तिनं पाकीट परत परातीत ठेवलं आणि कनवटीचे पैसे सोडायला लागली. "फुकाट नगं, भाऊ. फुकाट घेतली तर इचारू कशी?" मी पैसे घेतले. काय विचारायचंय, ते मी तिला विचारलं नाही. जत्रेत मी कधी कुणाला पावती देत नाही, तिला दिली. तिनं ती घडी करून चोळीत खोवली, चिक्की नातीच्या हातात दिली आणि देवळाकडं चालू लागली.

नावं संपली. गाणं लावायला कुणाचा तरी हात मशीनकडं गेला असेल, कारण कर्ण्यातून खरखर झाली... आणि मग एक खोकल्याचा आवाज. माईक तिच्या तोंडाशी बरोबर आला होता. "गेल्या सालचं पैसं कुटं गेलं, ते सांगा." पुढच्या खुर्च्यांवर आबा होते, आता पुष्कळ थकलेले. त्यांनी मान वर केली, पण "आदी पट्टी भर" असं कुणी म्हणालं नाही. उत्तर काही लवकर येईना, आणि चांगुणाबाई माईक सोडून हलेना.